मिद्यानशी युद्ध: सूड कोणाचा?

तोराहमधील 'गणना' ग्रंथाच्या 31व्या अध्यायात देव मोशेला सांगतो: मिद्यानी लोकांवर इस्राएलचा सूड घे. लगेच पुढच्या वचनात मोशे लोकांना सांगतो, देवाचा सूड घ्यायचा आहे. मग युद्ध नेमके कोणासाठी?

फ्रान्समधील भाष्यकार राशी (1040–1105) यांच्या मते दोन्ही एकच, कारण इस्राएलविरुद्ध उभा राहणारा देवाविरुद्धच उभा असतो. मिद्राशात मोशे म्हणतो, आम्ही तोराह पाळतो म्हणूनच ते आमचा द्वेष करतात, तेव्हा सूडही देवाचाच.

या युद्धानंतर आपला मृत्यू ठरलेला आहे, हे ठाऊक असूनही मोशेने विलंब केला नाही. मात्र तो स्वतः लढायला गेला नाही, त्याने पिनहासला पाठवले. मिद्राश कारण देतो: संकटकाळी मिद्याननेच मोशेला आसरा दिला होता. खाल्ल्या मिठाला तो जागला.