शेळी-मेंढी संगोपन शिक्षण, महाराष्ट्रातील

शेळ्या-मेंढ्या निरोगी ठेवण्याचे शास्त्रीय ज्ञान पशुपालकांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य. कोरडवाहू प्रदेशात अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना अडचणीच्या वेळी रोख पैसा देणारे हे पशुधन असल्याने शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हणतात. धनज (ता. कारंजा, जि. वाशिम) ज्या वऱ्हाडात आहे, त्या कापसाच्या प्रदेशात शेतीला शेळीपालनाची जोड दिली जाते, ‘बेरारी’ ही विदर्भातील शेळीची जात होय.

नराची निवड, चराईची पारख व ऋतुमानानुसार स्थलांतर यांचे परंपरागत ज्ञान धनगर समाजाकडे होते. साथींवर मात्र खात्रीचा उपाय नव्हता. मुंबईस १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्यास १८८९ मध्ये सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. परंतु त्या काळी पशुवैद्यकाचे लक्ष मुख्यत्वे घोडे व गुरे यांकडे होते. स्वातंत्र्योत्तर काळात लोकरीसाठी परदेशी मेंढ्यांशी संकर करण्यावर भर राहिला. दख्खनी मेंढपाळाचे उत्पन्न मात्र मुख्यतः मांसासाठी होणारी जनावरांची विक्री व शेतात मेंढ्या बसवून मिळणारा मोबदला यांतून येई. त्यामुळे त्याची खरी गरज मरतूक टाळण्याची होती.

राज्यात १९७८ मध्ये मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे निघाले, वाशिम जिल्ह्याचे केंद्र करडा (ता. रिसोड) येथे आहे. प्रशिक्षणात लसीकरण, जंतनाशक औषधे, कोरडा गोठा व करडांना वेळेवर चीक पाजणे यांवर भर असतो. लसीची वेळ महत्त्वाची ठरते. उदा., पावसाळ्याच्या आरंभी कोवळे गवत अतिप्रमाणात खाल्ल्याने आंत्रविषार बळावतो. म्हणून लस त्यापूर्वी टोचतात व प्रथमच टोचल्यास दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात.

पैदाससुधारणाही शिक्षणावाचून अपुरी पडते. फलटण (जि. सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गॅरोल मेंढीचे जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ मेंढी विकसित केली. जुळ्यांचा लाभ मिळण्यासाठी मेंढीला अधिक खुराक व कोकरांना अधिक निगा लागते. ती न दिल्यास कोकरे दगावतात.

पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा घातक विषाणुजन्य रोग भारतात प्रथम १९८७ मध्ये तमिळनाडूत आढळला. जगातून २०३० पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे. लस प्रभावी आहे. तथापि ती थंड ठेवावी लागते आणि मेंढपाळांचे कळप सतत फिरते असतात. त्यामुळे त्यांच्या वाटेवर व सोयीच्या वेळी शिबिर भरविणे हा या शिक्षणाचा आवश्यक भाग ठरतो.