आधी पेढी, मग पाटी



भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक, ही आदिपुराणातली गोष्ट आपण पाठशाळेपासून ऐकतो. मुलींना स्वतः शिकवणारे वडील ज्या परंपरेच्या आरंभीच आहेत, त्याच परंपरेतल्या आपल्या कितीतरी पणज्या कागदावर अंगठा का उठवत होत्या?

मला वाटतं, उत्तर पेढीवर सापडतं. व्यापारी घरात मुलाला कीर्द-खतावणी, हुंडी, व्याज यायलाच हवं. पुढे कोर्टकचेऱ्या आणि इंग्रजी पत्रं आली, तसं त्याला शाळेतही घालणं भाग पडलं. मुलीला णमोकार आणि चार स्तोत्रं तोंडपाठ असली की झालं. ती तर परक्या घरी जायची. घरात पैसा आला म्हणून मुलीचं लग्न चार वर्षं पुढे गेलं, असंही होत नसे. श्रीमंतीचा फायदा आधी मुलांनाच मिळाला.

मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचंच घर बघा. परगावच्या जैन मुलांना शिकता यावं म्हणून त्यांनी वडिलांच्या नावाने हिराचंद गुमानजी बोर्डिंग उभं केलं. तिकडे कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात कर्मवीर भाऊराव पाटील राहिले. ही सगळी सोय मुलग्यांची. शेठजींच्या कन्या मगनबाईंचं मात्र लहानपणी लग्न झालं आणि ऐन तारुण्यात वैधव्य आलं. शेठजींनी लेकीला कोपऱ्यात बसू दिलं नाही. संस्कृत आणि धर्मग्रंथांचा त्यांचा खरा अभ्यास तेव्हा सुरू झाला.

मला इथेच खटकतं. कुंकू पुसल्यावर पोथी हातात यावी? पण तो काळच तसा होता. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन (1889) काय, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम (1896) काय, दोन्ही मुख्यतः विधवांसाठीच निघाले. सवाष्णीच्या शिक्षणाची निकड कुणाला वाटणार, तिला घर होतं ना! आणि खुद्द रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून; आईला शिकवलं होतं त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, तेही लोकांचा रोष पत्करून.

मगनबाईंनी पुढे मुंबईत श्राविकाश्रम चालवला. माणिकचंदांसारखे वडील साऱ्यांनाच कुठे लाभतात? आश्रमात आलेल्या बायकांना अक्षरओळख मिळाली, शास्त्रवाचन मिळालं, आणि त्यांना शिकवायला समोर बाईच होती.