चौदा वर्षांचं शूटिंग

११ जुलै १९९७, शुक्रवार सकाळ. तुम्ही घाटकोपरला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेलगत, माता रमाबाई आंबेडकर नगरासमोर उभे आहात. रात्रीतून कुणीतरी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलाय. चिडलेली माणसं रस्त्यावर उतरलीत. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी येते, गोळ्या सुटतात. दहा जणांचा बळी जातो.

पोलीस म्हणतात, जमाव गॅसचा टँकर पेटवायला निघाला होता. तुम्ही मान वळवून पाहता. गोळ्या चालल्या तिथून टँकर बराच लांब आहे.

१५ जुलै. मुलुंडची झोपडपट्टी. या गोळीबाराने व्यथित झालेल्या शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतलाय. डोक्याला निळी पट्टी, भिंतीवर आंबेडकरी एकजुटीला सलाम. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेला हा माणूस तुम्ही पडद्यावर पाहिलेला आहे. १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये, पाडल्या जाणाऱ्या झोपड्यांच्या कहाणीत, त्यांचाच आवाज आहे. तो माहितीपट करणारे आनंद पटवर्धन आता त्यांच्या मृत्यूचा माग काढत कॅमेरा घेऊन निघतात.

तुम्हीही त्यांच्यासोबत चला. वर्षं झपाझप सरतात: शाहिरांच्या मैफली, सभा, निवडणुकांचे मंच, गोळीबाराच्या चौकशी आयोगाचा अहवाल, कोर्टाच्या तारखा. वृत्तवाहिन्यांच्या गाड्या केव्हाच दुसऱ्या बातमीवर गेल्यात. पटवर्धनांच्या डोक्यावर मात्र ना निर्माता, ना प्रक्षेपणाची तारीख. कॅमेरा आणि संकलन बरंचसं स्वतःच्याच हातात. पैशाची चणचण असली, तरी ‘आता आवरा’ म्हणणारं कुणी नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालय या गोळीबाराबद्दल एका पोलीस उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावतं. पुढे उच्च न्यायालयात त्याला जामीन मिळतो. दोन-तीन महिन्यांत फिल्म गुंडाळली असती, तर यातलं काहीच तिच्यात आलं नसतं.

९ जानेवारी २०१२. भायखळ्याची बीआयटी चाळ. त्याच फिल्मचा, ‘जय भीम कॉम्रेड’चा, पहिला खेळ मल्टिप्लेक्समध्ये नाही, इथे होतोय. सुमारे तीन तासांची फिल्म. तुमच्या आजूबाजूला बसलेल्यांना तिच्यातली गाणी आधीपासून तोंडपाठ. पडद्यावर पुण्याच्या कबीर कला मंचाची शीतल साठे गातेय. प्रत्यक्षात मात्र नक्षलवादी असल्याच्या आरोपांमुळे ती आणि तिचे साथी भूमिगत आहेत.

आणखी एक तारीख गाठा: २ एप्रिल २०१३, विधानभवनासमोर. शीतल आणि तिचा साथी सचिन माळी जाहीरपणे पोलिसांच्या स्वाधीन होतात. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बचाव समितीत पटवर्धनही आहेत. तटस्थ राहून फक्त चित्रण करावं, असा या धंद्यातला एक सल्ला असतो. घोगरेंचं गाणं ज्याच्या फिल्ममध्ये उरलं आणि घोगरे उरले नाहीत, त्याला तो पटणं अवघड होतं.