औषध आतपर्यंत पोचले का?

कर्करोगावरचे एखादे औषध प्रयोगशाळेत काचेच्या बशीतील पेशी भराभर मारते. रोग्याच्या शरीरातील गाठीवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. असे पुष्कळ औषधांच्या बाबतीत घडले आहे. औषध लागू पडले नाही, की ते पेशींपर्यंत पोचलेच नाही? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरासाठी दोन वेगळ्या शास्त्रशाखांना शंभर वर्षे चालून एका ठिकाणी यावे लागले.

पहिली वाट पेशीसंवर्धनाची. 1907 मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील ऊतीचा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवून त्यातून चेतातंतू वाढताना पाहिला. 1951 मध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या रोगी स्त्रीच्या गाठीतील पेशी सतत वाढू लागल्या. त्या पेशी तिच्या संमतीवाचून घेतल्या होत्या, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. ‘हेला’ नावाच्या या पेशी जगभर गेल्या. मात्र बशीच्या तळाशी पेशींचा एकच पातळ थर पसरतो. प्रत्येक पेशीला प्राणवायू, अन्न आणि औषध सारखेच मिळते. खरी गाठ अशी नसते.

1955 मध्ये इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे छेद तपासले. रक्तवाहिन्यांपासून साधारण 0.15 ते 0.2 मिलिमीटरपलीकडच्या पेशी मेलेल्या होत्या, कारण प्राणवायू तेवढ्याच अंतरापर्यंत झिरपतो. 1970 च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतत ढवळत्या द्रवात पेशी वाढवल्या. तळाशी चिकटायला न मिळाल्याने त्या एकमेकींना चिकटल्या आणि त्यांचे गोळे झाले. या गोलकात बाहेर वाढत्या पेशी, मध्ये सुस्त पेशी आणि गाभ्यात मेलेल्या पेशी असतात. रक्तवाहिन्या नसलेल्या लहान गाठीचाच हा नमुना होता.

आता वर्गात एक गणित घालून पाहा. गोलकाचा व्यास 1 मिलिमीटर आहे आणि औषध केवळ 0.1 मिलिमीटर आत शिरले. उरलेल्या आतल्या गोळ्याचा व्यास 0.8 मिलिमीटर. घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणून 0.8 × 0.8 × 0.8 = 0.512. म्हणजे निम्म्याहून अधिक गोळ्याला औषधाचा स्पर्शही झालेला नाही! सगळा गोलक वाटून औषध मोजले, तर सरासरी मिळेल. ते कोठे आहे हे कळणार नाही.

दुसरी वाट रेणूंच्या वजनाची. 1912-13 मध्ये जे. जे. टॉमसन यांना निऑनच्या आयनांचे 20 आणि 22 वस्तुमानाचे दोन वेगळे पट्टे दिसले. 1919 मध्ये त्यांचे सहकारी ॲस्टन यांनी हे उपकरण सुधारले आणि त्यातून अनेक समस्थानिके सापडली. हाच वस्तुमान वर्णपटमापक. त्यात रेणूवर विद्युतभार चढवून त्याचे वस्तुमान काढतात. मात्र प्रथिनांसारखे मोठे रेणू तापवले की तुटत. जपानमधील कोइची तानाका यांनी एकदा चुकून धातूच्या भुकटीत ग्लिसरीन मिसळले. महागडी भुकटी टाकून देणे जिवावर आले, म्हणून त्यांनी तेच मिश्रण वापरून पाहिले आणि लेसरच्या झोताने मोठे रेणू न तुटता उडाले! 2002 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. जर्मनीत हिलेनकँप आणि करास यांनी त्याच काळात स्फटिकी आम्लात नमुना मिसळण्याची ‘माल्डी’ पद्धत विकसित केली. आज तीच रूढ आहे. उडालेल्या सर्व आयनांना सारखी ऊर्जा देऊन एका नळीतून पळवतात. हलके आधी पोचतात, जड मागे राहतात. विद्युतभार सारखाच असेल, तर चौपट वस्तुमानाच्या आयनाला दुप्पट वेळ लागतो.

1997 मध्ये अमेरिकेत रिचर्ड कॅप्रिओली यांनी याच पद्धतीने ऊतीच्या छेदाचा नकाशा काढला. लेसर छेदावरून बिंदू-बिंदू सरकतो आणि प्रत्येक बिंदूपाशी कोणते रेणू आहेत याची नोंद होते. रंग किंवा खूण लावावी लागत नाही. रेणूचे वस्तुमान हीच त्याची ओळख.

दोन्ही वाटा 2011 मध्ये मिळाल्या. नॉत्र दाम विद्यापीठात अमांडा हमन आणि त्यांच्या विद्यार्थ्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींचे गोलक जिलेटिनमध्ये बसवले, गोठवले, त्यांचे पातळ काप केले आणि त्यांतील प्रथिनांचे नकाशे काढले. 2013 मध्ये त्यांच्या गटाने इरिनोटेकान हे औषध काळाबरोबर गोलकात कसे पसरते आणि त्याचे रूपांतर कशात होते, हे पाहिले. या औषधाचा मूळ रेणू कॅम्प्टोथेसिन. तो 1966 मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळा करणाऱ्यांपैकी मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारचे. सह्याद्रीतील नरक्या या झाडातही हाच रेणू आहे.

2018 मध्ये याच गटाने मोठ्या आतड्याच्या गाठींपासून वाढवलेल्या अवयवसदृश पेशीसमूहांवर असे प्रयोग केले. गोलकात रक्तवाहिन्या नाहीत, रोगप्रतिकारक पेशीही नाहीत. म्हणून तो रोग्याची जागा घेऊ शकत नाही. पण ‘औषध निकामी’ असा शिक्का मारण्याआधी ते आत पोचले होते का, एवढे तरी तपासता येते. रोग्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. कारण न पोचणाऱ्या औषधाला वाट शोधता येते; पोचूनही काम न करणाऱ्या औषधाचा नाद मात्र सोडावा लागतो.