नव्या संगणकासोबत मिळणारे मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नव्या संगणकासोबत लेखनाचे व हिशेबाचे प्राथमिक सॉफ्टवेअर ‘मोफत’ देण्याची प्रथा वैयक्तिक संगणकाच्या प्रारंभकाळापासून आढळते. संगणकाच्या इतिहासात यंत्रांचा वेग व क्षमता यांची नोंद तपशिलाने घेतली जाते. मात्र या मोफत वस्तूचे मोल कोणी व कोणत्या स्वरूपात चुकते केले, हा प्रश्न सहसा बाजूला राहतो. प्रस्तुत निबंधात अमेरिकी कंपन्यांच्या काही उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

१९६९ पर्यंत मोठ्या संगणकांसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरला सामान्यतः स्वतंत्र किंमत नव्हती; तिचा समावेश यंत्राच्या भाड्यात वा किमतीत होत असे. जून १९६९ मध्ये आयबीएम कंपनीने सॉफ्टवेअर व सेवा यांची वेगळी आकारणी करण्याचे जाहीर केले. त्यामुळे सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू ठरण्यास मोठी चालना मिळाली. जी वस्तू विकता येते, तीच ‘मोफत’ देता येते. या दृष्टीने पुढील सर्व इतिहासाचा आरंभ येथे मानावा लागतो.

ऑस्बोर्न व मॅकिन्टॉश

बालपणाचा काही काळ तमिळनाडूत गेलेल्या ॲडम ऑस्बोर्न यांनी १९८१ मध्ये ‘ऑस्बोर्न १’ हा सुमारे ११ किलो वजनाचा, वाहून नेता येणारा संगणक बाजारात आणला. १,७९५ डॉलर किमतीत यंत्रासोबत ‘वर्डस्टार’ व ‘सुपरकॅल्क’ मिळत असे. हे सॉफ्टवेअर सुटे घेतल्यास होणारा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळपास जाई. येथे मोफत सॉफ्टवेअर हेच यंत्र विकले जाण्याचे एक प्रमुख कारण होते. कंपनीने १९८३ मध्ये दिवाळखोरी पत्करली, तरी विक्रीची ही रीत टिकून राहिली.

१९८४ मध्ये ॲपलने मॅकिन्टॉशसोबत ‘मॅकराइट’ व ‘मॅकपेंट’ दिले. ग्राहकाची सोय झाली; परंतु लेखनाचे साधन आधीच हाती असलेल्या ग्राहकाला दुसरे साधन विकणे अन्य विकसकांना अवघड झाले. १९८७ मध्ये ॲपलने क्लॅरिस ही स्वतंत्र कंपनी स्थापन करून ही उत्पादने तिच्याकडे सोपवली. यावरून मोफत वाटपाचा परिणाम ग्राहकापुरता मर्यादित नसतो, हे स्पष्ट होते.

वर्क्स ते स्टार्टर

मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्क्स’मध्ये लेखन, कोष्टके व माहितीसंच यांची साधी सोय एकत्र होती. हे स्वस्त सॉफ्टवेअर पुढे अनेक घरगुती संगणकांत आधीच भरलेले येई. मात्र त्यातील लेखनाची फाईल स्वतःच्या निराळ्या स्वरूपात साठवली जाई. ती त्याच कंपनीच्या ‘वर्ड’मध्ये थेट उघडेलच अशी खात्री नसे, पुष्कळदा वेगळा रूपांतरक बसवावा लागे. २००७ मध्ये ‘वर्क्स’ची जाहिरातींवर चालणारी मोफत आवृत्तीही जाहीर झाली.

२०१० मध्ये ‘वर्क्स’ची जागा ‘ऑफिस स्टार्टर’ने घेतली. ते केवळ नव्या संगणकावर, उत्पादकामार्फतच मिळे. त्यात ‘वर्ड’ व ‘एक्सेल’ यांच्या मर्यादित आवृत्त्या आणि पडद्याच्या कडेला जाहिरातींची जागा होती. फाईलचे स्वरूप आता पूर्ण आवृत्तीचेच असल्याने जुनी अडचण दूर झाली. तथापि ‘वर्ड’मधील संदर्भ व परीक्षण हे विभाग वगळलेले होते. पत्र लिहिणाऱ्याला ही उणीव जाणवली नसेल. तळटीपा व सूची लागणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ती पहिल्याच प्रबंधात जाणवणारी होती. परवान्याचा क्रमांक विकत घेतला की त्याच संगणकावर पूर्ण आवृत्ती खुली होई. २०१२ मध्ये विंडोज ८ च्या आगमनाबरोबर हा उपक्रम थांबवण्यात आला.

विश्लेषण

वरील उदाहरणांत ‘मोफत’ या एकाच शब्दाचा अर्थ बदलत गेलेला दिसतो. ऑस्बोर्नच्या बाबतीत तो यंत्राच्या किमतीत सामावलेला लाभ होता. स्टार्टरच्या बाबतीत तो पूर्ण वस्तूकडे नेणारा नमुना ठरला. मात्र काय द्यावे, काय वगळावे आणि केव्हा थांबावे, हा निर्णय प्रत्येक वेळी विक्रेत्याकडेच राहिला. सॉफ्टवेअर मागे पडते. त्यात लिहिलेली पत्रे, हिशेब व टिपणे मागे उरतात. ‘वर्क्स’मधील जुन्या फाईली आज लिब्रेऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरने बऱ्याच अंशी उघडता येतात, हे साध्य झाले ते मूळ विक्रेत्यामुळे नव्हे, तर स्वयंप्रेरणेने काम करणाऱ्या विकसकांमुळे.

निष्कर्ष

२००६ मध्ये ओपनडॉक्युमेंट या खुल्या स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. दस्तऐवजाचे आयुष्य एका कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहू नये, ही त्यामागील महत्त्वाची भूमिका होती. मोफत सॉफ्टवेअरमुळे सामान्य कुटुंबांच्या हाती लेखनाचे साधन आले, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु त्याचे मूल्यमापन खरेदीच्या दिवशी वाचलेल्या पैशांवरून करणे अपुरे आहे. त्यात लिहिलेला मजकूर वीस वर्षांनंतर लिहिणाऱ्याला वाचता येतो किंवा नाही, हाच अधिक योग्य निकष ठरतो.