हिमाच्छादित ऐतिहासिक नगरीतील कौटुंबिक सुट्टी : क्वेबेक शहराच्या हिवाळी पर्यटनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पर्यटनाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने अर्थशास्त्र व भूगोल या विद्याशाखांच्या अंगाने केला जातो. वस्तुतः कुटुंबाने सुट्टीत कोठे जावे, कोणत्या ऋतूत जावे आणि तेथे काय पाहावे, हे निर्णय वैयक्तिक आवडीचे वाटले तरी त्यांची चौकट इतिहासाने आखलेली असते. मुलांना घेऊन एखाद्या बर्फाळ, तटबंदीयुक्त जुन्या नगरीत हिवाळ्याची सुट्टी घालविण्याचा बेत आज जगात अनेक कुटुंबे आखतात. परंतु ज्या नगरीत ती जातात, तेथील सामान्य रहिवाशांच्या दृष्टीने हिवाळा हा दीर्घकाळ बेकारीचा व उपासमारीचा ऋतू होता. संकटाचा ऋतू सुट्टीचा ऋतू कसा झाला, हा प्रश्न इतिहासाचा आहे. प्रस्तुत लेखात कॅनडातील क्वेबेक शहराच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) क्वेबेक शहरातील हिवाळ्याचे आर्थिक व सामाजिक स्वरूप समजून घेणे.
२) शहराचे ‘ऐतिहासिक’ रूप जतन होण्यामागील व घडविले जाण्यामागील कारणांचा शोध घेणे.
३) हिवाळी उत्सवाचे कौटुंबिक पर्यटनात झालेले रूपांतर तपासणे.

हिवाळा : एक संकट

सॅम्युएल द शाम्प्लेन याने १६०८ मध्ये सेंट लॉरेन्स नदीच्या काठी क्वेबेकची वसाहत स्थापन केली. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्यासह असलेल्या २८ माणसांपैकी २० जण स्कर्व्ही व अतिसाराने मृत्युमुखी पडले. पुढे वसाहत स्थिरावली, तरी ऋतूची कठोरता कमी झाली नाही. जानेवारीचे सरासरी तापमान उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि वर्षाकाठी सुमारे तीन मीटर बर्फ पडतो.

एकोणिसाव्या शतकात शहराची उपजीविका लाकडाची निर्यात, जहाजबांधणी व बंदर यांवर अवलंबून होती. नदी गोठली की बंदर बंद पडे आणि हमालांची मजुरी थांबे. रेल्वेमार्ग १८५४ मध्ये पैलतीरावरील लेवीपर्यंत आला. मात्र शहर नदीच्या उत्तर काठावर असल्याने हिवाळ्यात टपाल व प्रवासी लाकडी होड्यांतून आणावे लागत. पाणी असेल तेथे वल्ही मारायची, हिमखंड आडवा आला की खाली उतरून होडी त्यावरून ओढत न्यायची, असा हा जीवघेणा व्यवसाय होता. नदीवरील पूल १९१७ मध्ये पूर्ण झाला. तत्पूर्वी १९०७ मध्ये बांधकाम कोसळून ७५ कामगार ठार झाले होते. आज प्रेक्षक काठावर उभे राहून टाळ्या वाजवितात ती बर्फातील होड्यांची शर्यत या श्रमातून जन्मली, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

तटबंदीचा प्रश्न आणि लॉर्ड डफरिन

क्वेबेक १७५९ च्या लढाईनंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले. आज दिसणाऱ्या तटबंदीचा बराचसा भाग व बालेकिल्ला हे इंग्रजी राजवटीतील बांधकाम आहे. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्य शहरातून गेले आणि तटबंदीचे लष्करी प्रयोजन संपले. अरुंद दरवाजांमुळे वाहतुकीचा खोळंबा होतो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. त्यानुसार १८७१ नंतर जुने दरवाजे पाडण्यास प्रारंभ झाला.

या वेळी कॅनडाचा गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड डफरिनने (कारकीर्द १८७२ ते १८७८) तटबंदी राखण्याचा आग्रह धरला. विल्यम लिन या आयरिश वास्तुशिल्पज्ञाकडून त्याने आराखडे करून घेतले. पाडलेल्या दरवाजांच्या जागी अधिक रुंद व अधिक ‘मध्ययुगीन’ दिसणारे नवे दरवाजे उभारावेत, तटावरून फिरण्यासाठी पायवाट असावी, असा त्यातील विचार होता. योजनेचा काही भागच प्रत्यक्षात आला. नदीकडे पाहणारी, डफरिनच्या नावाची विस्तीर्ण गच्ची १८७९ मध्ये खुली झाली. येथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. वाहतुकीची सोय आणि गतकाळाचे दृश्य यांचा मेळ घालण्यासाठी जुनेपणाच नव्याने बांधला गेला.

क्वेबेक ते सिमला

डफरिन हे नाव भारतीय अभ्यासकास अपरिचित नाही. तो १८८४ ते १८८८ या काळात भारताचा व्हाइसरॉय होता. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, ते त्याच्याच कारकिर्दीत. पत्नी लेडी डफरिन हिच्या नावाच्या निधीतून स्त्रियांसाठी उभी राहिलेली रुग्णालयेही परिचित आहेत. सिमल्याचे व्हाइसरॉय निवासस्थान डफरिनच्या काळात, १८८८ मध्ये, पूर्ण झाले. १९६५ पासून तेथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे.

या दोन शहरांची तुलना उद्बोधक ठरते. १८६४ पासून उन्हाळी राजधानी असलेले सिमला हे राज्यकर्त्यांनी उष्म्यापासून पळून जाण्यासाठी वसविले. बर्फ पडण्यापूर्वी सरकारी दफ्तर कलकत्त्यास परतत असे. आपल्याकडील महाबळेश्वर व माथेरान यांची जडणघडणही याच ‘थंड हवेचे ठिकाण’ या कल्पनेतून झाली. क्वेबेकमध्ये मात्र पळून जाण्याची सोय नसलेल्या लोकांचा हिवाळा हाच पुढे पाहुण्यांसाठी आकर्षण ठरला. दोन्ही ठिकाणी एक सूत्र समान आहे. सुट्टीवर येणाऱ्याचा ऋतू आणि तेथे राबणाऱ्याचा ऋतू हे भिन्न असतात.

रेल्वे, हॉटेल आणि कार्निव्हल

जहाजबांधणी व लाकूडव्यापार यांना उतरती कळा लागल्यावर शहरास उत्पन्नाचे नवे साधन हवे होते. १८७९ मध्ये उत्तर काठाने रेल्वे आली. डफरिन गच्चीवर १८८४ पासून टोबॉगनची घसरगुंडी सुरू झाली. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने ब्रूस प्राइस या अमेरिकी वास्तुशिल्पज्ञाकडून बांधून घेतलेले शातो फ्रोंतेनाक हे हॉटेल डिसेंबर १८९३ मध्ये उघडले. त्यास नाव सतराव्या शतकातील फ्रेंच गव्हर्नरचे, शैली फ्रेंच राजवाड्यांची आणि भांडवल इंग्रजी भाषक उद्योगपतींचे, असा हा संगम होता. शहराचे बोधचिन्ह समजला जाणारा त्याचा मधला उंच मनोरा तर १९२४ मधील आहे.

हॉटेल उघडल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, १८९४ मध्ये, शहरात पहिला मोठा हिवाळी कार्निव्हल झाला. मॉन्ट्रियलने १८८३ मध्ये बर्फाचा महाल उभारून असा उत्सव आधीच केला होता. क्वेबेकनेही बर्फाचा महाल बांधला व होड्यांची शर्यत भरविली. रिकामा ऋतू कमाईचा करणे, हा यामागील हेतू उघड होता. त्यानंतर मात्र हा उत्सव अधूनमधूनच होत राहिला.

कुटुंबाचा प्रवेश

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५५ मध्ये, स्थानिक व्यावसायिकांनी कार्निव्हलचे पुनरुज्जीवन केले. लाल टोपी व कमरेला विणलेला रंगीत पट्टा बांधलेला ‘बोनोम’ हा हिममानव त्याचे प्रतीक झाला. हा पट्टा पूर्वी शेतकरी व फरच्या व्यापारातील वल्हेकरी बांधत. श्रमिकाचा पोशाख अशा रीतीने मुलांच्या लाडक्या पात्राचा पोशाख झाला. पुढील काही दशकांत रस्त्यांवरील मद्यपानामुळे उत्सवावर टीका झाली आणि हळूहळू त्याचा भर मुलाबाळांच्या कार्यक्रमांवर आला. १९८५ मध्ये जुन्या क्वेबेकचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला. मेक्सिकोच्या उत्तरेस तटबंदी टिकवून असलेले हे एकमेव शहर होय. २००१ पासून नजीकच्या परिसरात दर हिवाळ्यात बर्फाचे हॉटेल उभारले जाऊ लागले.

आज एखादे कुटुंब सुमारे ४.६ किलोमीटर लांबीच्या तटाची फेरी, गच्चीवरची घसरगुंडी, होड्यांची शर्यत व बोनोमची भेट असा कार्यक्रम ठरविते. त्यातील प्रत्येक टप्प्यामागे १८७० ते १९५५ या काळातील कोणता ना कोणता आर्थिक निर्णय उभा आहे.

काय दिसते, काय दिसत नाही

उत्सवी मांडणीत काही घटक झाकोळतात. टोबॉगन, बर्फावर चालण्याची जाळीदार पादत्राणे व होडी ही मूळ रहिवासी जमातींची देणगी आहे. त्यांच्यावाचून युरोपीय वसाहतीस हिवाळा काढणे दुष्कर झाले असते. ह्युरॉन-वेंडाट समाजाची वेंडाके ही वस्ती शहरालगतच आहे. मात्र सहलीच्या धावपळीत ती सहसा वगळली जाते. दुसरे उदाहरण प्लास रॉयाल या चौकाचे. १९७० च्या दशकात येथील फ्रेंच काळानंतरच्या अनेक इमारती हटवून फ्रेंच वळणाची घरे पुन्हा बांधण्यात आली. स्वभाषेची अस्मिता जागृत झालेल्या समाजाची ती गरज होती, हे मान्य केले तरी मधल्या दोन शतकांचा इतिहास त्यामुळे पुसट झाला, हेही मान्य करावे लागते. गडकिल्ल्यांच्या पुनर्बांधणीची चर्चा चालणाऱ्या महाराष्ट्रात या अनुभवाकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

१) क्वेबेकचे हिवाळी पर्यटन बंदरावर आधारलेल्या अर्थव्यवस्थेच्या ऱ्हासातून घडले, निसर्गसौंदर्य हे त्याचे एकमेव कारण नव्हे.
२) शहराचे ‘ऐतिहासिक’ रूप अंशतः जतन केलेले व अंशतः एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत निर्माण केलेले आहे.
३) जगण्याची साधने खेळाची साधने झाली. या रूपांतरात मूळ रहिवासी व श्रमिक यांचे श्रेय मागे पडले.
४) तापमानवाढीमुळे बर्फाचा भरवसा कमी होत असताना, बर्फावर आधारलेला हा व्यवसायही बंदराप्रमाणेच परावलंबी आहे.

सहलीचा आनंद घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. मात्र मुलाला घसरगुंडीवर बसविताना ती घसरगाडी प्रथम कोणी व कशासाठी बनविली, एवढे पालकांनी सांगितले तरी इतिहास पाठ्यपुस्तकाबाहेर आला, असे म्हणता येईल. इतिहासाच्या अध्यापकांनी शैक्षणिक सहली आखतानाही हीच दृष्टी ठेवणे इष्ट होय.