इझनिकच्या घुमटाचं कूळ

उस्मानी मशीद म्हटली की इस्तंबूलचे भव्य घुमट आठवतात, आणि त्यांचं मूळ तिथल्या आयासोफिया या बायझंटाइन चर्चमध्ये शोधलं जातं. सुलेमानियेसारख्या महामशिदींपुरतं ते मान्य करावं. पण घुमटाचं कूळ त्याहून जुनं आहे. तुर्कस्तानातल्या इझनिक शहराच्या हाजी ओझबेक मशिदीवर हिजरी ७३४, म्हणजे इ.स. १३३३-३४, हे साल कोरलेलं आहे. सालाचा शिलालेख असलेली ही सर्वांत जुनी ज्ञात उस्मानी मशीद. उस्मानी शासक ओरहानने हे शहर जिंकलं १३३१ मध्ये. इस्तंबूल उस्मानींच्या हाती यायला अजून शतकाहून अधिक काळ होता. चौरस खोली, तिच्यावर सुमारे आठ मीटर व्यासाचा एकच घुमट आणि पश्चिमेला ओवरी, एवढाच मूळ पसारा. ती ओवरीही पुढे रस्ता रुंद करताना पाडली गेली.

बायझंटाइन मुळाचा आग्रह धरणारे भिंतीकडे बोट दाखवतात. घडीव दगडाचा थर, मग विटांचे थर, ही बांधणी या प्रदेशात बायझंटाइन काळापासून रुळलेली होती, तेव्हा गवंडी स्थानिकच असावेत. इथवर त्यांचं बरोबर आहे. पण भिंत रचणं वेगळं आणि चौकोनावर गोल बसवणं वेगळं. इझनिकची स्वतःची आयासोफिया लांबट सभामंडपाची, लाकडी छताची; तिच्याकडून घुमट घेण्यासारखा नव्हता. शहरातल्या कोइमेसिस चर्चला घुमट होता खरा, पण तो चार कमानींवर तोललेला. हाजी ओझबेकचा घुमट कमानींवर नाही. भिंतींच्या माथ्यावर फिरणाऱ्या सपाट त्रिकोणांच्या पट्ट्यावर तो टेकतो. त्रिकोणांनी कोपरे मिटवण्याची ही युक्ती उस्मानींआधीच्या सेल्जुकांच्या कोन्या शहरात मुरलेली होती. तिथल्या १२५१ च्या कराताय मदरशात तिचं पंख्यासारखं उमललेलं रूप आहे. एकघुमटी, ओवरीच्या छोट्या मशिदीही कोन्यात तेराव्या शतकातच होत्या. म्हणून माझा निष्कर्ष असा: हात इझनिकचे, आराखडा कोन्याचा.

पुढे त्रिकोण मागे पडले, म्हणून हे कूळ खुंटलं असं कुणी म्हणेल. पण उस्मानी वास्तुकार मिमार सिनानने १५८०-८१ मध्ये इस्तंबूलच्या उस्कुदारला शम्सी पाशा मशीद बांधली, तेव्हा पुन्हा एक चौरस खोली आणि आठेक मीटरचा घुमटच निवडला. एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीचा ३१ मीटरचा घुमट उभारून झालेल्या माणसाची ही निवड आहे. लहान मशिदीचा तो वारसा आयासोफियाशिवायही पुरेसा समर्थ होता.